उघडं कार्ड

मालूआक्काच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याला आज चोवीस दिवस झाले होते. निपाणीच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या परशरामअण्णांच्या खिशात ते पत्र होतं आणि काखेत कात्रणांची फाइल.

अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून बोरगावची ही थोरली बहीण अजून पत्रच लिही. तिला दम्याचा त्रास. पहिल्या दोन लशी तिनं हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, कागलला लेकीकडं राहून घेतल्या होत्या, कोविशिल्डच्या. आता बूस्टर अलीकडं, कर्नाटकात घ्यायचा, तर इथं कोर्बेव्हॅक्स नावाची दुसरीच लस देतात म्हणे. चालेल का? ‘तू जन्मभर वाचनालय सांभाळलंस. तू म्हणशील तसं करीन.’

हे शेवटचं वाक्यच नडलं. कोल्हापूरचा पेपर सांगे, पहिली होती तीच घ्या. बेळगावचा कन्नड पेपर सांगे, दुसरीही चालते. पहिली बातमी जुनी, दुसरी नवी, एवढं तारखांवरून अण्णांना कळलं होतं. पण उद्या तिसरी आली तर? आक्काला काही झालं तर? चार वेळा पत्र लिहिलं, चार वेळा फाडलं. सांगितलंच नाही तर चूक तरी आपली नाही, असं मनाशी म्हणून ते गप्प राहिले.

दवाखान्यात विचारायला म्हणून ते दोनदा येऊन पायरीवरूनच परतले होते. आज नर्स स्वरूपानं हाक मारून आत घेतलं. फाइल उघडायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, की कोविशिल्डवर कोर्बेव्हॅक्स चालते, तसा आदेशच आलाय. मग वहीत अण्णांचं नाव लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

“बोरगावच्या मालूआक्कांचे भाऊ तुम्हीच व्हय? त्यांच्या गल्लीत कॅम्प लावलता आम्ही. एकबी माणूस आलं न्हाय. तुम्ही नको म्हटलंय म्हणं.”

“मी? मी तर काहीच बोललो न्हाय.”

“तेच की अण्णा. ‘एवढं वाचणारा माझा भाऊ गप्प हाय, म्हणजे लशीत कायतरी असणार.’ आक्कांनी गल्लीभर सांगितलंय.”

अण्णा खुर्चीवर बसले. फाइल खाली ठेवली आणि बाही वर केली.

अर्ध्या तासानं ते पोस्टात गेले. आजवर ते बंद आंतर्देशीय पत्रच घेत. आपलं लिहिलेलं वाटेत कुणी वाचावं, याची त्यांना लाज वाटे. आज त्यांनी साधं कार्ड मागितलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘आक्का, माझ्याही पहिल्या दोन कोविशिल्डच. आज कोर्बेव्हॅक्स घेतली. दंड ठणकतोय, बाकी बरा आहे. दम्याचं तेवढं डॉक्टरांना विचार आणि जा. उशीर माझ्यामुळं झाला.’

पेटीपर्यंत जाऊन ते परत फिरले. खाली उरलेल्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गल्लीत सगळ्यांना वाचून दाखव,’ आणि कार्ड पेटीत टाकलं.