रक्तातली खूण

डॉक्टरांनी भिंगाखालची काचपट्टी बाजूला काढली आणि मान हलवली. "रक्तात काही सापडत नाही हो, बयाबाई."

लोकं रोग निघाला म्हणून रडतात. बयाबाईला निघाला नाही म्हणून रडू फुटलं. अर्धशिशीची काहीतरी खूण रक्तात असणारच, असा ध्यास घेतलेला लोणावळ्याचा हा डॉक्टर तिची शेवटची आशा होता. डोकं धरून ती अंधारात पडली, की परंदवडीत सासू गावभर सांगायची, कामचुकार हाय मेली. आज खूण निघाली नाही, तर सोपान बायकोला बेडशाला माहेरी टाकणार होता, कायमची.

"बगितलं ना, डाक्तर?" सोपान म्हणाला. "काय बी झालेलं न्हाई हिला."

"थांबा जरा. ही अर्धशिशी पुष्कळदा रक्ताच्या नात्यात उतरते. आई, बहीण, मुलगी, कुणाचं असं अर्धं डोकं दुखतं का? एक जरी निघालं, तरी हिचा आजार खरा आहे, असं मी तुमच्या आईला येऊन सांगेन."

"तसं असंल तर नेतो की घरी," सोपान पुटपुटला. माणूस वाईट नव्हता हो. आईपुढं त्याची जीभच उचलत नसे.

दाराशी त्यांची सात वर्षांची शालू उन्हाकडं पाठ करून बसली होती. परवाच तिनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं होतं. "आये, हिकडचं अर्धं डोस्कं लय ठनकतंय गं." बयाबाईनं ते कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.

एक शब्द बोलली असती, तर घर राहिलं असतं. पण मग अशा पोरीला उद्या कोण करून घेणार? आणि घेतलंच, तर तिथंही एक सासू असणारच की!

"न्हाई, डाक्तर," बयाबाई म्हणाली. "कुनाचंच न्हाई."

परतताना सोपाननं तिला बेडशाला जायला कामशेतलाच गाडीतून गाठोड्यासकट उतरवलं. "पोर आमच्याकडं ऱ्हाईल," एवढंच बोलला. बयाबाईनं खिडकीतून हात घालून लेकीचं तोंड कुरवाळलं, कानाशी लागली.

"डोस्कं दुखलं तरी कुनाला सांगायचं न्हाई. हासायचं. कळलं का, माजे बाय?"

गाडी हलली. उन्हाची तिरीप शालूच्या तोंडावर आली. पोरीनं एक डोळा गच्च मिटून घेतला, आणि आईकडं बघत ती हसली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हसतच राहिली.