तीन मिनिटांची घंटा

घैसास सरांच्या हातात ती पितळी घंटा असली, की वाचनकट्ट्यावर भलेभले वाक्य अर्धवट सोडून खाली बसत. आवडलेलं पुस्तक सुचवायचं, पण तीन मिनिटांत, हा त्यांचाच नियम. गेल्या महिन्यात त्यांनी खुद्द अध्यक्षांना गप्प केलं होतं.

आज शिवणकाम करणारी रेवती पहिल्यांदाच उभी राहिली. "मुलांचं पुस्तक आहे," ती म्हणाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. हिला दोन मिनिटंसुद्धा पुष्कळ, असं सरांच्या मनात आलं.

"एका गावची नदी रुसते आणि डोंगरावर जाऊन बसते. तिची समजूत काढायला एक मुलगी कासवावर बसून निघते..."

रेवती सांगत गेली. वाटेत कासवाने वाऱ्याला रस्ता विचारला, दमलेल्या ढगाला पाठीवर घेतलं. हसणारे पुढे सरकून बसले. सरांच्या चहावर साय धरली.

मध्येच रेवतीचं लक्ष घड्याळाकडे गेलं. अकरा मिनिटं झाली होती. "सर, घंटा वाजलेली मला कळलीच नाही," ती ओशाळून म्हणाली.

सरांनी खाली पाहिलं. घंटेचा लोलक त्यांच्याच मुठीत घट्ट धरलेला होता.

"अगं, आधी ते कासव डोंगरावर पोचू दे," ते म्हणाले.