शेवटचा नंबर

द्वारकाबाईंनी नव्या गाडीचं दार दोनदा आपटून पाहिलं, डिकीत डोकावून "एक पोतं मावेल जेमतेम," असं म्हणत विक्रेत्याचं तोंड उतरवलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. तेवढ्यात गाडीनेच विचारलं, "अपघात झाला, तर आधी कोणाला वाचवू? क्रम सांगा."

त्यांच्या मुलाने, जालिंदरने, आधी आपल्या मुलीचं नाव सांगितलं, मग बायकोचं. पुढे तो अडखळला.

"माझं घाल शेवटी," बाई म्हणाल्या. जेवतानाही त्या असंच म्हणायच्या, आणि जालिंदर त्यांना हाताला धरून पाटावर बसवायचा. त्या वाट बघत राहिल्या.

"बरं झालं, आई, तूच बोललीस!" सुटकेचा श्वास टाकून त्याने बटण दाबलं.

"सीट कशी वाटते, आजी?" विक्रेत्याने विचारलं.

"मऊ आहे," बाई म्हणाल्या. "मरायला बरी."