गुरूची बाजू

"यांचा मिळून एक ग्रह व्हायला हवा होता," असं म्हणून जोॲनाने पिठाच्या वीस-पंचवीस गोळ्या टेबलभर विखरून टाकल्या.

सेसिलियाने कपाळावर हात मारला. नाताळ चार दिवसांवर आला होता. कुलकुलांचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड शंखांचं, पीठ नारळाच्या दुधात छान मळून झालं होतं. एकेक गोळी काट्याच्या पाठीवर दाबून तिची गुंडाळी करायची, तर थोरली सून त्याच पिठात आकाश मांडून बसली होती. जोॲना शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी मुलांना लागते, बाईंना नाही, हे माटुंग्याच्या त्या घराला एव्हाना पाठ झालं होतं.

"हा टोमॅटो म्हणजे मंगळ. तो नारळ म्हणजे गुरू. आणि मधले हे सगळे लघुग्रह. दगड नि धातूचे तुकडे. कुणी घराएवढा, कुणी डोंगराएवढा, काही त्याहून मोठे. थोडे इकडेतिकडे भटकतात, पण बहुतेक याच पट्ट्यात सूर्याभोवती फिरत असतात. आहेत लाखो, पण एकमेकांपासून खूप लांब. सगळे एकत्र केले तरी आपल्या चंद्राएवढेसुद्धा भरायचे नाहीत."

"मग एकत्र आले का नाहीत?" तिच्या सासऱ्याने, रूपर्टने विचारलं. तो टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसला होता. वय पंचाहत्तर, पण त्या खुर्चीवर बसायची अजून दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

"या गुरूमुळे," जोॲनाने नारळावर टिचकी मारली. "एवढा मोठा तो. दोन तुकडे जवळ यायला लागले की हा ओढणार. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. मग ते यायचे ते वेगात. चिकटायच्या ऐवजी आपटायचे आणि फुटायचे."

जोॲनाचा नवरा आल्विन मान खाली घालून कुलकुल वळत राहिला. त्याला तीनच्या आत निघायचं होतं, कारण चार वाजता धाकटा भाऊ ओनील यायचा होता. गेली सहा वर्षं नाताळ असाच दोन पाळ्यांत चालायचा. ओनीलच्या लग्नात टोस्ट करायला, म्हणजे नवरा-नवरीच्या कौतुकाचं भाषण करायला, आल्विन उभा राहिला आणि नवरदेव गणितात दोनदा गटांगळ्या खाऊन आलाय हे त्याने माइकवरून सगळ्या हॉलला सांगितलं. एवढंच झालं होतं. ओनीलने बोलणं टाकलं. समजूत काढायला रूपर्ट मध्ये पडला, आणि तो मध्येच राहिला. दोघं मुलगे एकाच टेबलावर जेवताना एकदा बघायचे, एवढीच सेसिलियाची इच्छा होती. दर नाताळला ती सांताक्लॉजपेक्षा जास्त वाट त्या जेवणाचीच बघायची.

निरोप सगळे रूपर्टमार्फत जायचे. त्याच सकाळी आल्विनने विचारलं होतं, "ओनीलचा गुडघा कसा आहे?" रूपर्टने लगेच परळला फोन लावून ओनीलला सांगितलं, "आल्विन विचारत होता, अजून लंगडतोस का." त्याच्या मते दोन्हींचा अर्थ एकच होता.

"पण त्यात गुरूचा काय दोष?" रूपर्टचा आवाज चढला. "त्याचा जीव असेल ना सगळ्यांवर!"

"दोष कुठे म्हटलं, डॅडी? त्याने जरा लांब बसायला हवं होतं, बस."

सेसिलियाच्या हातातला काटा थांबला. रूपर्ट नारळाकडे बघत राहिला. अजून लंगडतोस का. सकाळचं आपलंच वाक्य त्याला ऐकू आलं, आणि ते ऐकायला मुळीच चांगलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो उठला. नारळ उचलून त्याने कापडी पिशवीत टाकला.

"हा खवट लागतो. बदलून आणतो."

"अरे, फोडला कुठेय अजून?" सेसिलिया म्हणाली. तोवर तो चपला घालून जिन्यात पोचला होता.

जिन्यातच त्याने फोन लावला. "ओनील, चारला नको. आत्ता ये."

"आत्ता? आल्विन असेल ना तिथे?"

"आहे," रूपर्ट म्हणाला. "मी नाही."

फाइव्ह गार्डन्सच्या बागेतल्या बाकावर तो मांडीवर नारळ घेऊन बसला. आयुष्यभर गोदीत लोकांवर हुकूम सोडले, पण काहीच न करण्याइतकं अवघड काम त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. दोनदा त्याने आल्विनचा नंबर काढला आणि दोनदा फोन खिशात टाकला. समोरच्या बाकावरचे आजोबा नारळाकडे बघून आदराने नमस्कार करून गेले. त्याला देवळात निघालेला समजले असावेत.

तासाभराने मात्र त्याला राहवेना. त्याने घरी फोन केला. सेसिलियाने उचलला. मागून आरडाओरडा ऐकू येत होता.

"आला ओनील? काय चाललंय?"

"भांडतायत. टोस्टवरून."

रूपर्ट ताडकन उभा राहिला. "थांब, मी आलोच! दोघांना सांगतो—"

"बस खाली!" सेसिलिया ओरडली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. ती हसत होती, की रडत होती, त्याला कळेना. "सहा वर्षांनी एकमेकांशी भांडतायत, रूपर्ट. एकाच परातीतले कुलकुल वळता वळता. आणि हे बघ, जोॲना म्हणते, चांगला नारळ मिळायला तुला जेवणापर्यंत वेळ लागेल."