भाऊबीजेचा शब्द

"ताई, निनाद बोलतोय. गाडी दरीत गेली. पैसे भरल्याशिवाय दवाखान्यात घेत नाहीयेत."

आवाज भावाचाच वाटत होता. पण खाती साफ करणारी यंत्रंही हल्ली हुबेहूब भावासारखीच बोलत.

"यंदाचा शब्द सांग," शर्वरी म्हणाली.

"गेल्या वर्षीचा 'कवठ' होता. यंदा मला यायला कुठे जमलं, ताई?"

घराघरांत हीच रीत होती. भाऊबीजेला ओवाळून झालं की बहिणीने भावाच्या कानात नवा शब्द सांगायचा. फोनवर कधीच नाही. जुना त्याच दिवशी बाद.

शर्वरीने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी निनादला अंगणात आणून निजवलं. तिने त्याच्या कानातला कापसाचा बोळा हलकेच काढला आणि यंदाचा शब्द सांगितला.