सुनेची सुई

"सुनेनं सासूला टोचायचं, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून," असं म्हणत सासूबाईंनी दंड पुढे केला. नर्स असलेली गरोदर सून गालात हसली. अंगातलं बी-बारा पार तळाला गेल्यानं सासूबाईंची शिवणारी बोटं बधिर झाली होती. सुई रुतली तरी कळत नसे.

"बाळाचं झबलं विकतच आणू या, आई."

"काही नको. मीच शिवणार."

इंजेक्शनं चालू राहिली. सासूबाईंनी नाक मुरडत अंडी खाल्ली आणि हट्टानं रोज चिंध्यांवर टाके घातले.

एका दुपारी आतून "आई गं" ऐकू आलं. सून पोट सांभाळत धावली. सासूबाईंच्या बोटावर रक्ताचा थेंब होता.

"लागलं का, आई?"

"लागलं गं बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आता काढ ते झबल्याचं कापड."