नदीकडची बाजू

"घर विकणार नाही. पुन्हा विचारलंत तरी नाही."

एर्मिलो मास्तर एका दमात बोलून गेले. हे वाक्य त्यांनी सकाळभर आरशासमोर घोकलं होतं. तरी शेवटी आवाज कापलाच.

बिल्डरच्या विक्री कार्यालयातली मारिसेला हसली. "विका म्हणतंय कोण, मास्तर? कृपा करा, विकू नका! बसा ना. कॉफी घेणार?"

मास्तर बसले नाहीत. नदी समुद्राला मिळते तिथली त्यांची सगळी गल्ली बिल्डरने विकत घेऊन पाडली होती. तोमासाबाई गेली, जाळी विणणारा फिदेन्सिओ गेला, एकेक करत सगळे कोळी किनाऱ्यापासून आत, धुळीच्या वस्त्यांमध्ये राहायला गेले. त्यांच्या चुली होत्या तिथे टॉवर उभा राहिला. उरलं एकच घर, मास्तरांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं.

मारिसेलाने एक गुळगुळीत पत्रक पुढे सरकवलं. निळ्या पडवीत, दोरीच्या झोपाळ्यात मास्तर पुस्तक वाचत पडले होते. शेजारी उलटी घातलेली होडी. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या बाल्कनीतून दिसणारा खराखुरा कोळीवाडा.'

"समुद्राकडचे फ्लॅट कधीच संपले," ती सांगू लागली. "नदीकडचे पंचेचाळीस लाख पेसोंनाही कुणी विचारीना. मग तुमचा फोटो टाकला. आता सहा लाखांनी भाव वाढवलाय, तरी माणसं येतायत. तुमच्या पडवीने तारलं बघा आम्हाला."

"मला न विचारता?"

"पण किती छान दिसताय तुम्ही! फक्त एक विनंती आहे. गिऱ्हाइकं शनिवारी सकाळी येतात आणि नेमके तेव्हाच तुम्ही आत असता. जरा बाहेर बसून वाचाल? पुस्तक कुठलंही चालेल. पानं उलटली नाहीत तरी चालेल."

मास्तर पत्रक घेऊन बाहेर पडले. घोकलेलं वाक्य भलत्याच प्रश्नाचं होतं.

घरी थोरली बहीण क्लेओफास मासे साफ करत होती. सगळं ऐकून तिने सुरी आपटली. "म्हणजे आपण एवढी वर्षं हट्टाने राहिलो, ते त्यांच्या खिडकीतली कुंडी म्हणून?"

मास्तरांची कानशिलं तापली. आयुष्यभर वर्गात शिकवतानाही त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. आताही चढला नाही. ते आत गेले, आईच्या पेटीतून काळी रेशमी फीत काढली, तिचं मोठं फूल बांधलं आणि स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर ठोकलं. झोपाळा सोडवून आत टाकला. असं काळं फूल मयताच्या घरावरच लागतं, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुतकाच्या दारासमोरची बाल्कनी कोण विकत घेईल?

"अरे मेल्या, जित्याजागत्या घराला ते लावतोस? आधी सांग, मी गेले की तू?"

"गल्ली गेली, ताई. तिचं सुतक कुणी पाळलं?"

क्लेओफासने सुरी बाजूला ठेवली. मग हात धुऊन आत गेली आणि काळी शाल पांघरून आली.

एक गोष्ट मात्र मास्तरांच्या ध्यानात आली नव्हती. सायकलवरच्या पाववाल्याने ते फूल पाहिलं आणि वस्त्यावस्त्यांत बातमी पोचवली. मयताच्या घरी बोलावण्याची वाट पाहायची नसते. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत जुनी गल्ली येऊ लागली. कुणी केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तामाल आणले, कुणी डोक्यावरून आपापल्या खुर्च्या. तोमासाबाई दालचिनी घातलेल्या कॉफीचं पातेलं घेऊन बसमधून आली आणि दारातच थबकली.

"क्लेओफास! अगं, वाटभर तुझ्यासाठी रडत आले मी!"

"मग वाया कशाला घालवतेस? बस, उरलेलं इथे रड."

हशा पिकला. पण फूल कशासाठी ते कळल्यावर कुणी हसलं नाही. टॉवरखाली गाड्या उभ्या होत्या तिकडे बोट करून फिदेन्सिओ म्हणाला, "ती पांढरी गाडी आहे ना, तिथे माझा पाळणा होता. माझा, आणि माझ्या पोरांचाही."

तोमासाबाईने जपमाळ काढली. खऱ्या मयतासाठी नऊ दिवस म्हणतात तशीच प्रार्थना सुरू झाली. ती एकेका घराचं नाव घेई आणि सगळे म्हणत, 'त्याला शांती लाभो.' बाया हंबरडा फोडून रडल्या. मास्तरही रडले, उघड्यावर, चारचौघांत. आई गेली तेव्हाही त्यांना ते जमलं नव्हतं.

वर बाल्कन्यांत फ्लॅट बघायला आलेली परदेशी जोडपी कठड्याला टेकून उभी होती. बघता बघता सगळी आत निघून गेली. मास्तरांनी ते पाहिलं. डोळे पुसताना त्यांना थोडं बरं वाटलं.

जरा वेळाने मारिसेला उंच टाचांनी वाळूत अडखळत धावत आली. मास्तर उठून दारात आडवे उभे राहिले.

"मास्तर, ते फूल..." तिला धाप लागली होती.

"काढणार नाही." या वेळी आवाज कापला नाही.

"काढूच नका!" तिने त्यांचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "नदीकडचे चार फ्लॅट गेले, मास्तर, आत्ता, या सकाळीच! इतकं खरं काही जन्मात पाहिलं नव्हतं म्हणतात." मग बसलेल्या माणसांकडे बघून तिने आवाज खाली आणला, मयताच्या घरी आणतात तसा. "नऊ दिवस प्रार्थना चालेल ना? नवव्या दिवशी लोकांना किती वाजता आणू?"